सायुज्याच्या अलीकडे

कीर्तन ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला मुक्तीच्या चार पायऱ्या नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. देवाच्या लोकी राहायला मिळणे ही सलोकता, त्याच्याजवळ बसायला मिळणे ही समीपता, त्याचे रूप आपल्या अंगी येणे ही सरूपता आणि त्याच्यातच मिळून जाणे ही सायुज्यता. रामदासांनी दासबोधात पहिल्या तिन्ही नाशवंत ठरवल्या आणि टिकणारी म्हणून चौथीलाच मान दिला. तुकोबांना मात्र मुक्तीपेक्षा जन्मोजन्मीची भक्तीच हवी होती. मीठ पाण्यात विरघळावे तसे विरघळून जायचे, की विरघळण्याच्या अलीकडे थांबून त्या पाण्याची गोडी चाखायची, हा वाद मराठीत फार जुना आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्म मराठीत बोलू लागला तेव्हा त्यालाही या जिन्यावर आपली जागा शोधावी लागली. माझे म्हणणे असे की मराठी ख्रिस्ती परंपरा तिसऱ्या पायरीवर जाणूनबुजून थांबली, आणि हे थांबणे तिच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे ठरले. देवाचे रूप अंगी येते असे म्हटले की ते रूप दिसले पाहिजे, ही जबाबदारी अंगावर येते. चारशे वर्षांतल्या या परंपरेच्या थोर माणसांनी ती जबाबदारी ओळखली होती.

आधी मूळ शिकवण काय आहे ते पाहू. ख्रिस्ती धर्म म्हणजे पाप, क्षमा आणि स्वर्ग एवढाच हिशेब, अशी बाहेरच्यांची समजूत असते आणि आतल्या पुष्कळांचीही असते. नव्या करारात याहून धीट भाषा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला द्राक्षवेल आणि शिष्यांना फांद्या म्हणतो. पौल गलतीकरांना लिहिताना आपल्या ठायी आता ख्रिस्तच जगतो असे सांगतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर माणसे दैवी स्वभावाची भागीदार होतात असा शब्दप्रयोग आहे. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने देव माणूस झाला तो माणसाला देवपण यावे म्हणून, अशा अर्थाचे सूत्र मांडले आणि पूर्वेकडच्या चर्चने ते आपल्या उपासनेचा गाभा मानले. हे समजावताना जुने धर्मपिते तापलेल्या लोखंडाचा दाखला देत. लोखंड भट्टीत लाल होते, चटका देते, उजेड देते. तरी ते लोखंडच राहते. ही सीमा ओलांडल्याचा संशय आला की चर्च सावध होई. जर्मन गूढवादी माइस्टर एकहार्टच्या अठ्ठावीस विधानांवर 1329 मध्ये पोपने ठपका ठेवला. पूर्वेकडे ग्रेगरी पालामासने देवाचे तत्त्व आणि देवाची शक्ती असा भेद केला आणि माणूस शक्तीत सहभागी होतो, तत्त्वात नाही, असा निवाडा दिला. कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभांनी 1341 आणि 1351 मध्ये त्याची बाजू उचलून धरली. म्हणजे सरूपतेपर्यंत मोकळी वाट आणि सायुज्याच्या दारावर पहारा, ही रचना मराठी मुलखात येण्याच्या कितीतरी आधी पक्की झाली होती.

ही रचना मराठीत आणणारा पहिला मोठा लेखक इंग्रज होता. थॉमस स्टीफन्स 1549 मध्ये जन्मला. त्याच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, 1547 मध्ये, ट्रेंटच्या धर्मसभेने ठरवले होते की नीतिमान ठरणे म्हणजे पापाची नुसती माफी नव्हे. त्यात आतल्या माणसाचे नवे होणेही येते. त्याआधी 1520 मध्ये ल्यूथरनेही विश्वासाने आत्मा आणि ख्रिस्त वधूवरांसारखे जोडले जातात असे लिहिले होते. भांडण माफी आणि बदल यांच्या नात्याचे होते; जोडले जाण्याबद्दल दोन्ही बाजूंचे दुमत नव्हते. जेझुइट संघात तयार झालेला स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात उतरला आणि 1619 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. साष्टीत काम करताना त्याने मराठी आणि कोकणी दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि 1616 मध्ये रायतूर, म्हणजे राचोल, इथे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरी खिळे नव्हते म्हणून ओवी मराठी आणि अक्षरे रोमन, असे त्याचे रूप होते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे परकी लिपी आणि ऐकणाऱ्याच्या कानात ज्ञानेश्वरीची चाल. पुस्तक ऐकण्यासाठीच रचलेले असल्याने लिपीचा अडसर श्रोत्यांना फारसा जाणवला नसावा.

स्टीफन्सची शब्दनिवड बारकाईने पाहण्यासारखी आहे. चर्चच्या विधींची नावे तो पुष्कळदा पोर्तुगीजच ठेवतो, कारण तिथे त्याला गोंधळ नको आहे. स्वर्गासाठी मात्र तो वैकुंठ हा शब्द घेतो. वैकुंठ हा कैवल्यासारखा निराकार शब्द नाही. तिथे देव आहे, भक्त आहे आणि दोघांच्या मध्ये प्रेमाला वाव आहे. वैष्णव शब्दभांडारातून नेमका असा, भक्ताला वेगळा राखणारा शब्द उचलणे हा मला तरी योगायोग वाटत नाही. आता इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ज्या साष्टीत हे पुराण रचले गेले तिथली देवळे 1567 मध्ये पाडली गेली होती. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याच्या सूडात गावातल्या पुढाऱ्यांना पोर्तुगिजांनी ठार केले. अशा ठिकाणी अंतःकरणाच्या परिवर्तनाची भाषा म्हणजे जबरदस्तीवर टाकलेले रेशमी पांघरूण नाही का? सत्तेच्या बाबतीत हा आरोप खरा आहे आणि तो झाकू नये. पण पुराण का लिहिले गेले हे पाहिले की त्याच आरोपाची दुसरी बाजू दिसते. जुनी पुराणे काढून घेतली, आता त्यांच्या जागी वाचायला काही द्या, अशी नवख्रिस्तींची मागणी ग्रंथाच्या आरंभीच आली आहे. हुकमाने नाव बदलता येते. आतली पोकळी हुकमाने भरत नाही, हे स्टीफन्सला कळले होते. राज्यकर्त्यांना ते कळले नाही. 1684 मध्ये त्यांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. पुराण मात्र गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांत हस्तलिखितांच्या रूपाने जगले, आणि 1907 मध्ये सलढाणा यांनी तिथूनच त्याची आवृत्ती काढली. ज्या सत्तेच्या छायेत ते लिहिले गेले तिचा हुकूम त्याने पचवला, एवढे तरी त्याच्या बाजूने म्हणावे लागेल.

गोव्यात जे ओवीत झाले ते एकोणिसाव्या शतकात वादसभेत झाले. नीलकंठशास्त्री गोरे हे कोकणस्थ घराण्यातले, काशीत वाढलेले पंडित. मिशनऱ्याला वादात हरवायला म्हणून गेले आणि 1848 मध्ये नेहेम्या गोरे होऊन बसले. 1860 च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांची उलटतपासणी केली, आणि तिचा सर्वांत धारदार भाग वेदान्ताविषयी आहे. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जीव मुळातच ब्रह्म असेल तर अज्ञान कुणाला झाले, पाप कुणी केले आणि प्रार्थना कुणी कुणाला करायची? भक्त आणि देव शेवटी एकच ठरले तर भक्ती हा तात्पुरता गैरसमज ठरतो. यावर अद्वैती उत्तर देईल की ज्ञानेश्वरांनी अद्वैतातच भक्ती बसवून दाखवली. अमृतानुभवातले एकत्व प्रेमाला मारत नाही, उलट त्याची चव वाढवते. हे उत्तर वजनदार आहे, आणि गोऱ्यांची तलवार शांकरमताच्या कोरड्या मांडणीवर जशी चालते तशी ज्ञानेश्वरांवर चालत नाही, हे मान्य केले पाहिजे. गोऱ्यांनाही हे कुठेतरी जाणवत असावे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनीच लिहिले की गीता-भागवतासारख्या ग्रंथांत चुका असल्या तरी त्यांनी आम्हाला अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांची ओळख करून दिली, आणि त्यामुळेच ख्रिस्ताची शिकवण आम्हाला पटू शकली. या यादीत मुक्तीचा एकही सिद्धान्त नाही, हे लक्षात घ्या. चारही गोष्टी स्वभावाच्या आणि वागण्याच्या आहेत. वादात ज्या माणसाने एकत्व नाकारले, त्याने दोन परंपरांमधला दुवा शोधला तो स्वभावाच्या पालटात.

गोऱ्यांचा प्रभाव ज्यांच्यावर पडला त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्रात हा पालट तारीखवार पाहता येतो. इंग्लंडात वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार सांगतो की त्या आज्ञाधारक शिष्या नव्हत्या. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, सगळ्यांवर त्या प्रश्न विचारत राहिल्या. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. मग 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये धर्मगुरू होता. 1851 मध्ये स्वतःचेच प्रवचन देत असताना त्याच्या ध्यानात आले की आपण जे सांगतो ते आपल्याला लाभलेले नाही, आणि व्यासपीठावरच त्याचे परिवर्तन झाले. रमाबाईंना त्यात आपला चेहरा दिसला. पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी स्पष्ट कबूल केले की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो आठ वर्षांनी मिळाला. धर्मांतराचा एवढा गाजावाजा झालेल्या बाईने ते धर्मांतर अपुरे होते असे छापून सांगावे, ही साधी गोष्ट नाही. विधी आणि आतले जोडले जाणे यांच्यातले अंतर मोजण्याची अशी प्रामाणिक नोंद मराठी धर्मजीवनात विरळाच.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनअखेर जे घडले त्याने या कल्पनेची वेगळीच परीक्षा घेतली. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली प्रार्थनेत रडू लागल्या, पापे मोठ्याने कबूल करू लागल्या. अंगात अग्नी उतरल्यासारखे वाटते, असे सांगू लागल्या. काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. हा सामूहिक उन्माद, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजचा वाचकही पहिल्यांदा तेच म्हणेल. रमाबाईंनी घेतलेली भूमिका इथे महत्त्वाची. त्यांनी हे दडपले नाही आणि त्याचे प्रदर्शनही मांडले नाही. पवित्र आत्मा उतरल्याची आवश्यक खूण कोणती, तर प्रेम, असे त्यांनी लिहिले. भाषा, रोगमुक्ती, भविष्यकथन ही दाने त्यांनी नाकारली नाहीत, पण त्यांना प्रेमाच्या जागी बसू दिले नाही. मुलींच्या टोळ्या सेवेला आणि प्रचाराला आसपासच्या गावांत पाठवल्या. अनुभव कितीही प्रखर असो, त्याची पावती वागण्यात फाडायची, हा सरूपतेचा नियम त्यांनी ऐन वादळात पाळला.

हाच नियम सर्वांत जवळून पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त पाण्याच्या भांड्याकडे पाहावे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा. लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या, आणि परत एकत्र आल्यावरही त्यांचे सोवळे सुटले नव्हते; एकाच घरात त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळे. पुस्तकात त्यांनी सांगितले आहे की एके दिवशी विचार करता करता त्यांनाच उमगले: जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे. त्यानंतर कुणाच्याही हातचे खाण्यापिण्याला त्यांची हरकत उरली नाही. कुणी उपदेश केला नव्हता, नवऱ्याने सक्ती केली नव्हती. बाप्तिस्मा 1900 मध्ये, म्हणजे मागाहून झाला. धर्मशास्त्राचे पंडित ज्याला आंतरिक परिवर्तन म्हणतात, ते इथे स्वयंपाकघरात, एका घोटाच्या रूपाने दिसते. त्याच पुस्तकात टिळकही दिसतात, आणि ते संतचरित्रातले टिळक नाहीत. तापट, विसरभोळे, हातात येईल ते दुसऱ्याला देऊन टाकणारे, संसाराची ओढाताण बायकोवर सोडणारे. नवऱ्याचा स्वभाव कुठे पालटला आणि कुठे जसाच्या तसा राहिला, हे बायकोने हसत हसत लिहून ठेवावे, यापेक्षा कठोर कसोटी कोणत्या धर्मसभेने लावली असती?

टिळकांपाशी आले की दुसरा मोठा आक्षेप समोर येतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. अभंग, कीर्तन, भजन ही सगळी वारकरी सामग्री त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली, आणि मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये त्यांची गीते आजही म्हटली जातात. मग ही सगळी ईश्वरमीलनाची भाषा म्हणजे भक्तिसंप्रदायाचे उसने वस्त्र आहे, आत ख्रिस्ती असे काही नाही, असे एका बाजूने म्हणता येते. प्रचारासाठी पांघरलेला वेष आहे, असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही म्हणण्यांना इतिहासातच उत्तर आहे. वस्त्र उसने असते तर ते काढल्यावर अंग दिसेनासे झाले असते. रमाबाईंनी ते काढून पाहिले. त्यांनी बायबलचे भाषांतर साध्या, बायकांना कळेल अशा मराठीत केले आणि हिंदू तत्त्वज्ञानाचे ओझे वाहणारे शब्द कटाक्षाने टाळले. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी हे काम संपवले. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी जुळवलेल्या खिळ्यांत छापले गेले. म्हणजे टिळकांनी जी शब्दसंपत्ती दोन्ही हातांनी घेतली, ती रमाबाईंनी वेचून बाहेर ठेवली. तरी दोघांचे सांगणे एकच निघते: विश्वास म्हणजे मताला दिलेली मान्यता नसून जिवंत ख्रिस्ताशी जडलेले नाते, आणि त्या नात्याने माणूस आतून पालटतो. भाषा उलट्या दिशांना गेल्या आणि आशय जागचा हलला नाही, तर आशय भाषेच्या उधारीवर जगत नव्हता हे उघड आहे.

प्रचारी वेषाच्या आरोपाला टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांनी उत्तर दिले. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनचे वेतन सोडले, स्वतःला ख्रिस्ती संन्यासी म्हणवले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधू म्हणून यायचे होते. वेष पांघरून माणसे गोळा करणारा प्रचारक अशी सूट देत नाही. त्याला शेवटी बाप्तिस्म्यांचा आकडा दाखवायचा असतो. इथे मात्र चर्चच्या बाजूने खरा प्रश्न उभा राहतो. आतले नातेच सर्वस्व असेल तर विधी कशाला, मंडळी कशाला? द्राक्षवेलीची फांदी बाकीच्या फांद्यांवाचून वाढते का? हा प्रश्न टिळकांना पूर्ण सोडवता आला नाही. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्या पाठीमागे फार टिकला नाही. केवळ अंतःकरणावर उभी केलेली बंधुता संस्थापकाच्या श्वासावर अवलंबून राहते, हा त्यातला धडा. रमाबाईंचे मुक्ती सदन टिकले, कारण तिथे प्रार्थनेच्या जोडीला छापखाना होता, शेती होती, माग होते.

शेवटचा आक्षेप सर्वांत अवघड आहे. गोरे, रमाबाई, टिळक हे सगळे ब्राह्मण. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि भोवतालच्या खेड्यांत जे हजारो ख्रिस्ती झाले ते बहुतांशी महार आणि मांग समाजांतले. त्यांच्यापुढे दुष्काळ होता, शाळा होती, गावकीच्या जाचातून सुटण्याची वाट होती. त्यांच्या धर्मांतराला आत्म्याच्या मीलनाची भाषा लावणे म्हणजे वरच्या जातीच्या कवींचा अनुभव सगळ्यांवर चिकटवणे नव्हे का? काही अंशी होय. पण या आक्षेपातही एक गृहीत दडलेले आहे: भाकरी मागणाऱ्याला आतले जीवन नसते आणि मान मागणे हे आध्यात्मिक नव्हे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विटाळ मानले गेले, त्याला कुणी देवाच्या स्वभावाचा भागीदार म्हटले, तर त्याच्या पाठीचा कणा ताठ होणे हाच आंतरिक पालट आहे. खरी लाज दुसरीकडे आहे. हाच सिद्धान्त शिकवणाऱ्या मंडळ्यांत जात राहिली, लग्ने जुळवताना ती विचारली गेली. लक्ष्मीबाईंनी जे ओलांडले ते अनेक चर्चना ओलांडता आले नाही.

पण हे अपयश अपयश म्हणून दाखवता येते, याचे कारणही त्या तिसऱ्या पायरीतच आहे. जो देवात विरून गेला असे म्हणतो, त्याला कोण काय विचारणार? विचारायला तिथे दुसरा कुणी उरलेलाच नसतो. देवाचे रूप आपल्या अंगी येते असे म्हणणाऱ्याला मात्र शेजारी, बायको, दाराशी आलेला भुकेला आणि पाणी मागणारा अस्पृश्य, यांपैकी कुणीही विचारू शकतो: दाखव ते रूप. स्टीफन्सने वैकुंठ हा शब्द निवडला तेव्हाच हा प्रश्न मराठीत आला. रमाबाईंनी तो स्वतःच्या बाप्तिस्म्याला विचारला, लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या सोवळ्याला. आणि जिथे जिथे तो विचारला गेला नाही, तिथे लोखंड भट्टीत नुसते पडून राहिले, तापले नाही.